विनंती एकदाच

एसटीत अपंगांसाठी राखीव असलेल्या सीटवर कुणी धडधाकट माणूस बसलेला दिसला, की आमचे सेक्रेटरी त्याला उठवत. कुबडीचं टोक सीटच्या लोखंडी दांडीवर आपटायचं आणि म्हणायचं, "उठा. वर काय लिवलंय ते वाचा." माणूस कुरकुरत उठे. त्यानंतर सेक्रेटरी त्या सीटवर बसत नसत. गेवराईपासून बीडपर्यंत एक हात वरच्या दांडीला, दुसरा कुबडीवर, असे उभे राहत आणि सीट रिकामी जाई. गाडीत पाय ठेवायला जागा नसली, तरी त्या सीटवर टेकायची कुणाची हिंमत होत नसे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. कंडक्टर म्हणाला, "साहेब, आता बसा तरी."

"मला बसायचं न्हाई."

"मग त्या माणसाला कावून उठवलं?"

"तो बसला होता म्हणून."

बीडच्या स्टँडवर उतरल्यावर मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "दमलो की बसंन. पण ती सीट आपली हाय का न्हाई, ह्ये अधूनमधून बघत राहावं लागतंय. न्हाईतर रंग देताना पाटी बी पुसून टाकतेत."

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. ते आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव होते. गाव उमापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. 'सचिव' हा शब्द फक्त संस्थेच्या पाटीवर होता. लहानथोर सगळे सेक्रेटरी म्हणत. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय वाळलेला होता. एक कुबडी, दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली एक जुनी स्कूटर, आणि संपूर्ण गेवराई तालुक्यात कुणालाही न भिणारी जीभ, एवढा त्यांचा सरंजाम. त्यांच्याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केली की तो माणूस संपला. एकदा एक पाहुणे कळवळून म्हणाले, "देवानं तुमच्यावर अन्याय केला हो." सेक्रेटरींनी त्यांच्या टकलाकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यावर बी केलाय की. आमी बोललो का काही?"

माझ्या घरात पदवीपर्यंत गेलेला मीच पहिला. वडील मेंढरं राखत. मी बी.ए. झालो तेव्हा ते मला घेऊन सेक्रेटरींकडे गेले आणि एवढंच म्हणाले, "पोरगं शिकलंय. आता ह्याला कुठंतरी सावलीला लावा." सेक्रेटरींनी मला दुधाची फॅट बघायच्या कामाला लावलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए ग्रॅज्युएट, कॅन लाव." "ए ग्रॅज्युएट, मथुरामावशीच्या दुधात आज विहीर उतरली हाय, बघ."

पुढं काम करत करत मी एम.ए., बी.एड. झालो, नोकरीसाठी अर्ज लिहिला आणि त्यांना दाखवला. चांगल्या अक्षरात, पानभर. दर दोन ओळींनी 'आपणांस नम्र विनंती' असं लिहिलेलं. त्यांनी लाल पेन घेतला आणि शेवटची एक विनंती ठेवून बाकीच्या सगळ्या खोडल्या.

"अर्जात विनंती एकदाच करायची," गावात सगळ्यांना सांगत तेच ते म्हणाले. "दुसऱ्यांदा केली की समोरच्याला वाटतंय, ह्याला न्हाई दिलं तरी हा परत येणारच हाय."

आज मी ज्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, तिथं तोच अर्ज लागला. म्हणजे माझ्या भाकरीत त्यांच्या लाल पेनाचा वाटा आहे, हे मी विसरत नाही.

पण सेक्रेटरींचं खरं वेड वेगळंच होतं. दर चार वर्षांनी ऑलिंपिक होतं, आणि ते संपलं की त्याच गावात, त्याच मैदानांवर अपंगांचं पॅरालिंपिक होतं. सेक्रेटरींच्या लेखी पहिली स्पर्धा म्हणजे लग्नाआधीचा बँड. खरं लग्न दुसऱ्या स्पर्धेत. त्यांनी देशाचे सरळ दोन संघ पाडले होते. एक 'चालते' आणि दुसरे 'आपले'. तिरंगा एक, राष्ट्रगीत एक, पण पदकं मोजताना चालत्यांची वेगळी आणि आपली वेगळी. वर्तमानपत्रावर त्यांचा कायमचा राग. "चालता पोरगा चौथा आला तर पहिल्या पानावर फोटो. आपलं पोरगं पहिलं आलं तर शेवटच्या पानाच्या बुडाशी, सोन्याच्या भावाखाली. सोन्याच्याच भावाखाली, हे तरी बरं."

चालत्यांच्या बाजूनं लढायला संस्थेचे चेअरमन होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा म्हणजे तरुणपणी जत्रा गाजवलेला पैलवान. मान खांद्यात बुडालेली, कान चुरगळलेले, आवाज मोटेच्या पाण्यासारखा. सेक्रेटरींपेक्षा वयानं बरेच मोठे, म्हणून त्यांना ते 'तू' म्हणत. सेक्रेटरी मात्र आबांना शिवी दिल्यासारखं 'तुमी' म्हणत. रोज सकाळी दूध घालणारांच्या रांगेसमोर या दोघांची जुंपे आणि रांगेतल्या लोकांचा वेळ बरा जाई.

लंडनच्या ऑलिंपिकच्या वर्षी आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली होती आणि दूध निम्म्यावर आलं होतं. लोकांना हसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून या दोघांना पैजेला उभं केलं. ज्याचा संघ जास्त पदकं आणील तो जिंकला. जो हरेल त्यानं वर्षभर दुसऱ्याला तो सांगेल त्या नावानं हाक मारायची. चालत्यांची सहा पदकं आली. आपलं आलं एक. आबांनी मिशीवर हात फिरवून सांगितलं, "मला पैलवान म्हणायचं. वर्षभर. येताजाता."

सेक्रेटरी दिलेल्या शब्दाला पक्के. बोलताना तर ते पैलवान म्हणतच, पण संस्थेच्या इतिवृत्तातही तसंच लिहीत. 'मा. चेअरमन पैलवान यांच्या अध्यक्षतेखाली सभा सुरू झाली.' 'मा. चेअरमन पैलवान यांनी पशुखाद्याच्या पोत्यांबाबत माहिती दिली.' पुढच्या वर्षी लेखापरीक्षक आले. त्यांनी हे सगळं चष्मा वरखाली करत वाचलं आणि दोष काढला, 'चेअरमन आणि पैलवान ही दोन स्वतंत्र पदे आहेत काय? असल्यास पैलवान पदाला मंजुरी कोणाची?' सेक्रेटरींनी खुलासा पाठवला, 'पद एकच आहे. दुसरी शिक्षा आहे.'

आबांचा एक आवडता मुद्दा होता. "तुमच्यात गट किती पाडलेत बघ! ह्याचा हात आखूड, त्याचा पाय आखूड, तिसऱ्याला दिसत न्हाई. गट पाडले की पदकं वाढणारच."

"आबा, तुमाला जिल्ह्याला ढाल मिळाली ती कितव्या किलोत?"

"सत्तर."

"मग शंभर किलोवाल्याशी कावून न्हाई लढलात?"

"येडा हायस का बे? त्यानं मला आडवं केलं असतं."

"मग आपले काय वेगळं करतेत?"

रांगेत हशा पिकला. आबा कॅनवर बोटं वाजवत राहिले. पण सेक्रेटरींचा एक स्वभाव होता. समोरचा गप्प बसला की ते त्याच्या बाजूनं बोलायला लागत. मला नंतर आत बोलावून म्हणाले, "आबा अगदीच चुकत न्हाईत. काही गटांत खेळणारे कमी असतेत. आन् पदकं आली म्हणजे देशानं आपल्याला डोक्यावर घेतलं असं बी समजू नको. तहसीलला जाऊन बघ, दाखला देणारा साहेब माडीवर बसतो." त्या सुमाराला सरकारनं अपंगांना 'दिव्यांग' म्हणायला सांगितलं होतं. त्यावर त्यांचं एकच वाक्य होतं, "शब्द बदलला. पायऱ्या हायेत तेवढ्याच हायेत."

पायऱ्या म्हणताना ते दाराकडे बघत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आमच्या संस्थेचं ऑफिस उंच ओट्यावर होतं. दुधाचा टेम्पो मागं येऊन ओट्याला टेकला की कॅन सरळ आत सरकवता यावेत, म्हणून तो टेम्पोच्या उंचीचा बांधलेला. बाजूला दगडी पायऱ्या. एकेक पायरी गुडघाभर आणि कठडा नाही. या पायऱ्या सेक्रेटरी कसे चढतात, हे गावात कुणीच पाहिलं नव्हतं. कारण पहिलं दूध यायच्या आत ते खुर्चीत हजर असत आणि सगळे गेल्यावर कुलूप लावून शेवटी निघत. त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक पार बीडच्या दूध संघापर्यंत होतं.

एकदा मी लवकर गेलो. नुकतं उजाडलं होतं. खाली स्कूटर उभी होती. कुबडी वर ओट्यावर फेकलेली होती. आणि सेक्रेटरी रस्त्याकडे तोंड करून, मधल्या पायरीवर बसले होते. दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकवायचे, अंग उचलायचं, मागं सरकायचं, थांबायचं, असं त्यांचं चाललं होतं. सदऱ्याची पाठ दगडाला घासून मळली होती. मला बघितल्यावर ते जराही गडबडले नाहीत.

"काय बघतो बे? व्यायाम चाललाय."

"हो, साहेब."

"गावात बोललास तर तुझं नाक फॅटच्या आम्लात बुडवीन."

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माझ्या वेळेलाच जाऊ लागलो.

रिओच्या ऑलिंपिकचं वर्ष आलं ते लागोपाठच्या दुष्काळानं भाजून. त्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेनं माळावर चारा छावणी चालवली. आसपासच्या वाड्यावस्त्यांची जनावरं तिथं दावणीला बांधलेली, बाया-माणसं त्यांच्याजवळच पालं टाकून राहिलेली. जनावरांची मोजदाद रोज करावी लागे, आणि ती सेक्रेटरी कुणावर सोपवत नसत. भर उन्हात ढेकळांतून, शेणातून कुबडी टेकत या दावणीपासून त्या दावणीपर्यंत फिरत. "बसून मोजलं की एका म्हशीच्या दोन होतेत," असं म्हणत. छावणी उठली तोवर त्यांचा कुबडीचा खांदा कामातून गेला होता. पेलाही दुसऱ्या हातानं उचलायचे. पायऱ्यांवर तर त्या खांद्यावरच सगळा भार.

पोळ्याच्या आधी एका दुपारी ते मला म्हणाले, "ग्रॅज्युएट, सभा झाली की मी आबांना सांगणार हाय. दुसरा सेक्रेटरी बघा म्हणून."

"कावून?"

"कंटाळा आला."

त्यांना कंटाळा येणं शक्य नव्हतं. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहत होते, आणि दूध संस्था सोडली तर त्यांना जायला जागा नव्हती. मी धीर करून म्हणालो, "साहेब, पायऱ्यांच्या शेजारी एक उतार बांधायला सांगा ना आबांना. नुसतं सांगितलं तरी ते बांधून देतील."

"सांगायचं म्हणजे विनंती करायची."

"हो, मग?"

"विनंती एकदाच असती. मी ती नोकरीच्या अर्जात करून बसलोय."

ते चेष्टेत बोलत नव्हते.

तेवढ्यात रिओत चालत्यांची स्पर्धा संपली. भारताची पदकं आली दोन, आणि दोन्ही पोरींनी आणलेली. एकीनं कुस्तीत, एकीनं बॅडमिंटनमध्ये. सेक्रेटरींना ओठावर आलेलं बोलणं आवरेना. रांगेसमोर म्हणाले, "आबा, पोरी गेलत्या, जिंकल्या, आल्या. धडधाकट बापे कुठं गेलते? चहा प्यायला?"

आबांचा चेहरा पडला. कुस्तीचं पदक पोरीनं आणलं, हे त्यांना कुठं ठेवावं कळत नव्हतं. ते ओट्याच्या कडेला टेकले, गुडघा चोळत बसले आणि एकदम म्हणाले, "पैज लावतो का, सेक्रेटरी?"

"आता? तुमचे दोनावर संपले की. पैज आधी लावतेत."

"आता लावतो. तुझे दोनाच्या वर गेले तर माग ते देतो. बोल, काय पाहिजे?"

मी लॅक्टोमीटर हातात धरून उभा. माझ्या मनात ओरडणं चाललं होतं, मागा, साहेब, मागा. सेक्रेटरी कॅनच्या झाकणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला काही नको."

"बरं. मग मीच सांगतो," आबा म्हणाले. "तुझे जिंकले तर ह्या ओट्याला माझ्या खर्चानं उतार बांधून देतो. कॅन ढकलायला बरं. आन् माझे जिंकले, तर वर्षभर पैलवान. येताजाता."

"इतिवृत्तात बी?"

"इतिवृत्तात बी."

"लावली," सेक्रेटरी म्हणाले.

आबा गेल्यावर लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दोन पदकांवर कुणी पैज लावतं का?

मला मात्र भीती वाटत होती. लंडनला आपलं एकच आलं होतं. आता एक आलं किंवा दोन आली, तर सेक्रेटरी वर्षभर कसेबसे पैलवान म्हणत पायऱ्या घासतील, आणि मग जातील. मला पहिल्यांदाच देशाच्या पदकांची काळजी लागली. त्याआधी परीक्षेपुरती असायची.

आमच्या गावात मोबाईलला रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात मिळे. एका सकाळी मी तिथं फोन धरला आणि ओरडलो, "उंच उडी! सुवर्ण आपलं! कांस्य बी आपलंच!"

मथुरामावशी किटली घेऊन पुढं उभ्या होत्या. "एकाच टायमाला दोघं उडाले?"

"एकामागं एक, मावशी."

"आन् पाय?"

"अधू आहेत. उडी मारणाऱ्या सगळ्यांचेच."

मावशींनी सेक्रेटरींकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग तुमी कावून न्हाई उडत?"

"मी उडालो तर तुमच्या दुधातलं पाणी कोण बघंल?"

दोन-दोन झाले. बरोबरी. पुढचे दोन दिवस सेक्रेटरी नुसतं आपलं काम करत होते. दूध घ्यायचे, आकडा सांगायचे, बस. तिसरं पदक संध्याकाळच्या दुधाला आलं. खुर्चीत बसून गोळा फेकणाऱ्या एका बाईंचं रौप्य. रांगेतल्या लोकांनी किटल्या वाजवल्या. मला वाटलं, सेक्रेटरी आता आबांची अशी काही उडवतील की गाव आठ दिवस हसेल. त्यांनी फक्त दाराबाहेर, पायऱ्यांकडे बघितलं. मी त्यांच्याकडे काम करायला लागल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाले, "पुढचं दूध घे, ग्रॅज्युएट. नासंल."

दोन दिवसांनी भालाफेकीतलं सुवर्ण आलं आणि चार झाली, पण तोवर ओट्यासमोर आबांचा वाळूचा ट्रॅक्टर खाली झालेलाही होता.

उतार बांधायला आबांनी रज्जाकभाई गवंड्याला लावलं. रज्जाकभाईंनी तो उन्हाळा छावणीतच काढला होता. ट्रकमधून जनावरं उतरवायला-चढवायला त्यांनी तिथं पक्के उतार बांधले होते, आणि त्यात त्यांचा हात असा काही बसला होता की उतार म्हटलं की त्यांना तोच दिसे. त्यांनी ओट्यालाही तसाच बांधला. आणि ओल्या सिमेंटवर वितीवितीच्या अंतरानं आडव्या खाचा ओढल्या. बैलाचे खूर रुतावेत तशा.

आबा बघायला आले आणि भडकले. "रज्जाक, ह्ये काय केलं? हितं कुठं बैल चढवायचा हाय?"

"जनावर बिलकुल घसरत न्हाई ह्याच्यावरनं, आबा."

सेक्रेटरी स्कूटरवर बसून ऐकत होते. "मी जनावर हाय का बे?"

रज्जाकभाईंनी जीभ चावली. मग शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब. पर घसरायचं तुमाला बी न्हाई ना?"

आबा खाचा बुजवायला सांगत होते. सेक्रेटरींनी कुबडी आडवी धरली. "राहू द्या. गवंड्याच्या कामात बोट घालू नका."

वर पाणी मारायला माणूस लावावा लागला नाही. वर्षं वर्षं रुसलेला पाऊस त्याच आठवड्यात असा कोसळला की उतार नुसता न्हाऊन निघाला. वार्षिक सभेच्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता. चिखलाच्या पायांनी पायऱ्यांवर दोन संचालक घसरून पडले. सेक्रेटरी आले, त्यांनी स्कूटर उताराला लावली आणि निघाले. प्रत्येक खाचेवर सगळी चाकं आदळत होती. टक, टक, टक, टक. स्कूटर थडथडत होती, सेक्रेटरींचे दात वाजत असावेत, पण एकदाही न घसरता ते सगळ्या सभासदांदेखत वर गेले.

त्याच सभेत आयत्या वेळच्या विषयांत त्यांनी ठराव मांडला. "ऑलिंपिकमध्ये पदकं आणणाऱ्या दोन पोरींचं आन् पॅरालिंपिकच्या चारही जणांचं ही सभा अभिनंदन करते. सूचक मी. अनुमोदक, मा. चेअरमन." आबा मुकाट्यानं हात वर करून बसले. टाळ्या झाल्या. सेक्रेटरींनी आवाज जरा खाली आणला. "दुखवट्याचा ठराव. यंदा आपल्या देशाचे धडधाकट पुरुष खेळाडू—"

आमच्याकडे सभेत दुखवटा हा शब्द कानावर पडला की पुढचं कुणी ऐकत नाही. सगळे सभासद उभे राहिले. टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. आबाही उभे राहिले. बराच वेळ पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा येत होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, कुणीतरी फिसकन हसलं, आणि पुढं बराच वेळ सभा चालवता आली नाही. सगळ्या सभागृहात एकटे सेक्रेटरी खुर्चीत बसलेले होते. "मी बसूनच पाळतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मला सूट हाय."

दुसरा सेक्रेटरी बघण्याचा विषय त्या सभेत निघाला नाही. पुढंही कधी निघाला नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. सेक्रेटरी उशिरा यायला लागले. त्यांनी कुलपाची किल्ली माझ्याकडे दिली, आणि रांग पूर्ण लागली, आबा येऊन टेकले, की मग स्कूटरचा आवाज येई. टक, टक, टक, टक. सगळी रांग बघत असताना, मान ताठ ठेवून, ते वर येत. वक्तशीरपणाचं कौतुक संपलं. त्यांना त्याची काहीच खंत नव्हती.

पुढच्या वर्षी मला नोकरी लागली आणि मी गाव सोडलं. टोकियोच्या वेळी चालत्यांची सात आणि आपली एकोणीस आली. मी फोन केला तर सेक्रेटरी म्हणाले, "आबा आजकाल पैजेला उभंच राहत न्हाईत. करमत न्हाई." पॅरिसला तर सहा आणि एकोणतीस. त्या वर्षी मी रजा काढून वार्षिक सभेला गेलो.

उताराच्या पायथ्याशी आबा उभे होते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. हातात चार पायांचा वॉकर. दोन पोरं त्यांना धरायला पुढं झाली तर वरून सेक्रेटरींचा आवाज आला. "कुणी हात लावायचा न्हाई! येतेत ते." कुबडी तलवारीसारखी उगारून ते ओट्यावर उभे होते. पोरं मागं सरली. आबांनी वर बघून एक शिवी हासडली आणि वॉकर पहिल्या खाचेत रोवला. मी शेजारून हात न लावता चालू लागलो.

अर्ध्यावर आबा थांबले. दम घेत म्हणाले, "बरा बांधला रज्जाकनं. बसतो खाचेत पाय."

"आबा, एक विचारू का? रिओच्या वेळी दोन पदकांवर तुम्ही पैज कशी काय लावली?"

आबांनी वर बघून खात्री करून घेतली. आवाज खाली आणला. "पहाटं मळ्यात जाताना मी बी पाहिलं होतं त्याला. पायरीवर. लिंबामागनं तसाच माघारी फिरलो." त्यांनी वॉकर पुढच्या खाचेत टाकला. "खांदा गेलेला, आता हा सोडून जाणार, हे दिसत होतं मला. त्यानं उतार मागितला असता का कवा? आन् मी आपण होऊन बांधला असता तर चढला असता का त्याच्यावरनं?"

"पण आपल्यांची दोनच आली असती तर?"

"तर वर्षभर मला पैलवान म्हणायला तरी ऱ्हायलाच लागलं असतं की त्याला हितं. शब्दाचा पक्का हाय तो." आबा हसले. "मी पैलवान हाय, पर हिशोब येतो मला."

"काय कुजबुज लावलीय खाली?" सेक्रेटरी वरून ओरडले. "सभा हाय का उद्या?"

"येतो बे, येतो."

टक. टक. टक. आबा वर पोचले. घामानं डबडबलेले, पण कुणाचा हात न लागता. सेक्रेटरींनी त्यांना वॉकरपासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं.

"आबा, आता कोणत्या संघात तुमी?"

"तुझ्याच म्हणायचं की आता."

"असं तोंडी चालत न्हाई. अर्ज करा."

आबांनी वॉकरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे बघत, अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलं, "विनंती किती वेळा लिहू, साहेब?"

सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी कुबडी काखेत घट्ट केली, दारातून बाजूला सरले आणि आबांना आत जायला वाट दिली.

"तुमी लिवू नका," ते म्हणाले.